तारेला कधी हात न लावलेले सर

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजचे दोन माजी विद्यार्थी घरी आले. दोघांचीही आता पोटं सुटलेली, केस काळे केलेले. म्हणाले, सरांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होताहेत, गौरवग्रंथ काढतोय, मॅडम तुमचा लेख पाहिजेच. मी त्यांना चहा दिला, चिवडा दिला आणि लेख देणार नाही असं सांगितलं.

"दोन पानं तरी लिहा, मॅडम."

"दोन पानं खोटं लिहायला मला दोन महिने लागतील," मी म्हटलं. "खरं दोन दिवसांत होईल, पण ते तुम्ही छापणार नाही."

ते हसले. म्हातारी गंमत करते असं त्यांना वाटलं असावं. ते गेल्यावर मात्र मला ते खरं लिहावंसं वाटू लागलं, म्हणून तुम्हा दोघा नातवंडांना लिहिते आहे. ईरा, तू मागे एकदा फोनवर विचारलं होतंस, आजी, तुझ्या नोकरीत तुला सगळ्यात जास्त राग कोणाचा आला? तेव्हा मी विषय बदलला होता.

यवतमाळच्या आमच्या कॉलेजात सर रसायनशास्त्राचे विभागप्रमुख होते आणि मी त्यांच्या खालोखाल. ठेंगणे, ताठ, कायम पांढऱ्या हाफ शर्टात. प्रयोगशाळेत आले की त्यांच्या हातात एक रेडिओची एरियल असायची. कुठल्याशा बिघडलेल्या ट्रान्झिस्टरची, ओढली की लांब होणारी. ती ओढून ते दुरूनच चंबूकडे दाखवायचे आणि म्हणायचे, "तो उचला. हं, आता हलवा. तसा नाही." बावीस वर्षांत मी त्यांना एकही काचेचं भांडं उचलताना पाहिलं नाही. परीक्षानळीसुद्धा नाही. मी नवीन असताना एकदा भोळेपणानं विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, वाद्यवृंदाचा संचालक कधी तबला वाजवतो का?" मनासारखं झालं की एरियल तळहातावर दाबून मिटवायची आणि "चला," म्हणून निघून जायचं. त्यांचं संशोधन ते हेच.

दुसरी तऱ्हा चपलांची. प्रयोगशाळा म्हणजे मंदिर, म्हणून सगळ्यांनी चपला बाहेर काढायच्या. तुम्ही तिकडे परदेशात शिकलेली मुलं, तुमचा विश्वास बसणार नाही. जिथे सल्फ्युरिक आम्ल सांडतं, काच फुटते, तिथे मुलं-मुली अनवाणी उभी. सर स्वतः तपकिरी मोजे घालून फिरायचे, तेही आम्ल ठेवलेल्या कपाटापासून दहा हात लांब. एकदा बीएस्सीच्या एका मुलाच्या अंगठ्यावर थेंब पडला, कातडी गेली. सर म्हणाले, "खाली बघून चालावं." मी माझ्या खर्चानं बारा रबरी चपलांचे जोड आणून आत दाराशी ठेवले. दुसऱ्या दिवशी ते बाहेर. "मॅडम, चप्पल ती चप्पलच." मी तक्रार लिहिली. प्राचार्यांनी ती शेरा मारून विभागप्रमुखांकडे, म्हणजे सरांकडेच पाठवली. त्यांनी वाचली, आणि त्यातलं माझं इंग्रजी फार चांगलं आहे असं मला सांगितलं.

त्या इंग्रजीमुळेच मी त्यांच्या कामात अडकले. मी नागपूरला मिशनच्या शाळेत शिकलेली, त्यामुळे सरांचे सगळे शोधनिबंध, पत्रं, अहवाल माझ्याकडे. ते खोलीत येरझारा घालत सांगायचे आणि मी लिहायचं. एका वाक्यात तीन तीन वेळा तेच यायचं, ते मी काढायची, आणि टंकून झाल्यावर सर वाचून म्हणायचे, "बघा, मी कसं नेमकं सांगितलं." विभागाची सगळी रजिस्टरंही माझ्याकडे. काय आलं, कधी आलं, कोणी किती वापरलं, कोण हजर, कोण रजेवर. माझ्या रजिस्टरात खाडाखोड नसायची याचा मला फार अभिमान होता. तो किती पोकळ होता ते पुढे कळेल.

आता विषय समजून घ्या. फॉस्फरस बहुतेक वेळा ऑक्सिजनच्या मध्यस्थीनं कार्बनला जोडलेला असतो, आणि तो जोड पाण्यानं, वेळेनं सुटू शकतो. फॉस्फरस थेट कार्बनला जोडला तर तो बंध टिकाऊ असतो. औषधं बनवणाऱ्यांना तो हवा असतो, पण सहजासहजी जुळत नाही, उत्प्रेरक लागतो. उत्प्रेरक म्हणजे लग्न जमवून देणारा, जो स्वतः कोणाशी लग्न करत नाही. पुष्कळ लोक त्यासाठी पॅलेडियम वापरतात. ते महाग. सरांनी तांबं धरलं. ही कल्पना त्यांची नव्हती, जगभर अनेकजण तांब्यावर काम करत होते. पण सर ती अशी सांगायचे, जणू त्यांच्याआधी कोणी तांब्याचा गडूही पाहिला नव्हता. "ऑक्सिजनमार्गे आलेला फॉस्फरस म्हणजे भाडेकरू. कार्बनला थेट बसतो तो घरमालक," हे वाक्य मी किती सत्कारांत ऐकलं, सांगता येणार नाही. त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू होता आणि त्याच्याशी त्यांची कोर्टात केस चालू होती, त्यामुळे वाक्याला जोर यायचा.

बाकीचे लोक तांब्याचे क्षार वापरायचे आणि त्याला मदतनीस म्हणून आणखी काही महागडी रसायनं. सरांचा दावा असा की यातलं काही लागत नाही. विजेच्या वायरमध्ये केसासारख्या बारीक तारा असतात ना, त्या घ्यायच्या, कात्रीनं बारीक तुकडे करायचे, चंबूत टाकायचे. त्यात आयोडीन लावलेलं कार्बनचं कडं, फॉस्फरसचं उग्र वासाचं द्रव, थोडा क्षार, आणि द्रावक म्हणून टोल्युइन. दिवसभर गरम करायचं की बंध तयार. आणि तो खरोखर व्हायचा. भरपूर व्हायचा. निबंध एका परदेशी नियतकालिकात छापून आला. त्यात तारेबद्दल एकच वाक्य होतं, 'बाजारातून आणली, तशीच वापरली.' ते इंग्रजीत मी लिहिलेलं. सरांनी सांगितलं, मी लिहिलं. विचारलं नाही, कारण मला माहीत होतं. रजिस्टरात नोंद होती ना, तार आली, तार दिली.

हे प्रयोग हातानं करणारी होती संगीता. नेरजवळच्या एका गावची, घरी कापूस आणि तूर. भाऊ शेती बघायचे आणि ही रोज एसटीनं यायची. पीएच.डी.साठी सरांकडे नोंदणी झालेली. सरांसमोर पुस्तकी मराठी बोलायची, माझ्याकडे आली की, "मॅडम, सर आज लय खुश हायेत, काहून ते माहीत नाही बा." हात अत्यंत स्वच्छ. वजन करताना श्वास रोखायची. पाच वर्षं तिनं त्या तारांवर घालवली. तिचा प्रबंध टंकून झाला होता, एका कॉलेजात तिची निवडही झाली होती, पदवी हातात आली की रुजू व्हायचं होतं.

आणि अभिक्रिया बंद पडली.

म्हणजे शेवटच्या काही प्रयोगांत एकदम काहीच होईना. तीच तार, तोच चंबू, तीच संगीता. दिवसभर गरम करून काचपट्टीवर नव्या पदार्थाचा ठिपका बघायचा, तर जिथे दिसायला हवा तिथे काही नाही. सरांनी आधी विजेच्या दाबाला दोष दिला. मग दमट हवेला, तेही मार्च महिन्यात यवतमाळात. मग म्हणाले टेबल दक्षिणेकडे तोंड करून आहे. गॅसची नळी लांबवून ते टेबल पूर्वेकडे फिरवलं. सरांनी एरियलनं दिशा दाखवली आणि संगीता आणि मी टेबल ढकललं. काही झालं नाही. मग म्हणाले, "तुझ्या हाताला घाम येतो." तिला हातमोज्यांवर हातमोजे घालायला लावले. तरी नाही. शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाले, "मुलीचं लग्न ठरतंय का कुठे? चित्त थाऱ्यावर दिसत नाही."

"लग्न ठरलं तर बंध जुळायला हवा ना, सर?" मी म्हटलं.

ते हसले नाहीत.

याच सुमाराला प्रबंधाच्या परीक्षकांचं पत्र आलं. हैदराबादकडचे गृहस्थ. त्यांनी लिहिलं होतं, आमच्या विद्यार्थ्यांनी ही पद्धत जशी छापली आहे तशी करून पाहिली, काहीही तयार होत नाही. उमेदवारानं माझ्यासमोर करून दाखवावं, मगच मौखिक परीक्षा. विद्यापीठानं मार्गदर्शकाकडून, म्हणजे सरांकडून खुलासा मागितला.

सरांनी मला बोलावलं. येरझारा सुरू झाल्या. "लिहा. आधीचे आकडे उमेदवारानं माझ्या अनुपस्थितीत घेतलेले असून त्यांच्या खरेपणाची हमी मी देऊ शकत नाही."

मी पेन खाली ठेवलं. "सर, म्हणजे ती खोटारडी आहे असं तुम्ही म्हणताय."

"मी तसं म्हटलेलं नाही."

"विद्यापीठ तसंच वाचेल. तिची नोंदणी रद्द होईल. नोकरी जाईल. आणि खोटे आकडे केलेली मुलगी म्हणून तिला कोणी पुन्हा दारात उभं करणार नाही."

"मॅडम, माझी तीस वर्षांची तपश्चर्या आहे," सर म्हणाले. "एका पोरीपायी ती मातीत घालू?"

मी ते पत्र लिहिलं नाही. त्यांनी ते बाहेरच्या दुकानात टंकून घेतलं, व्याकरणाच्या सात चुकांसकट, आणि पाठवलं. निबंधावर पहिलं नाव त्यांचं होतं. यश आलं तेव्हा अनुपस्थिती कुठे होती, हे त्यांना कोणी विचारलं नाही.

संगीता त्या दिवशी रडली नाही. टेबलाला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, मी खोटं केलं असतं तर मले समजलं असतं ना कुठं चुकून राह्यलं ते. मी काहीच केलं नाही, म्हणून मले काही समजून नाही राह्यलं."

मला जे येतं ते मी केलं. सगळी रजिस्टरं घरी आणली, जेवणाच्या टेबलावर मांडली. संगीताच्या वहीतून कुठल्या तारखेला जमलं आणि कुठल्या तारखेपासून नाही, ते एका कागदावर उतरवलं. मग एकेक रजिस्टर त्याला लावून पाहिलं. टोल्युइनची नवी बाटली? नाही, ती आधीच आली होती. तार? त्याच दुकानातून. फॉस्फरसचं द्रव? तेच. दोन दिवस गेले. तुमचे आजोबा म्हणाले, आता वाण्याची यादीही लावून बघ. तिसऱ्या दिवशी मी हजेरीपट उघडला, आणि तो लागला. अभिक्रिया बंद पडायच्या सुमारे महिनाभर आधी आमच्या प्रयोगशाळेतला एक माणूस निवृत्त झाला होता.

मामा. प्रयोगशाळेचे परिचर. सगळे त्यांना मामाच म्हणायचे. काचेची भांडी धुवायची, पाणी भरायचं, आणि तारांचे तुकडे करून बरणीत भरून ठेवायचे. हे काम त्यांचं होतं हे मला माहीत होतं. पण ते काम कसं करतात हे ना मला माहीत होतं, ना सरांना. सरांना तर त्यांचं पूर्ण नावही येत नव्हतं. निरोप समारंभात त्यांनी भलतंच आडनाव घेतलं होतं, आणि मामांनी त्या आडनावानं शाल स्वीकारली.

मामा घाटंजीला राहायला गेले होते. संगीता आणि मी एसटीनं गेलो. बाजाराचा दिवस होता, बस खच्चून भरलेली. मामा ओट्यावर बसून तुरीची डाळ निवडत होते. आम्हाला बघून गडबडून उठले, आतून खुर्ची आणली, ती पुसली, पुन्हा पुसली.

मी विचारलं, "मामा, वायरच्या तारा तुम्ही बरणीत भरायचे ना, त्याआधी काय करायचे?"

"कापाचो."

"आणि?"

"आणि काय, धुवाचो."

"कशानं?"

मामा आमच्याकडे बघत राहिले. हा काय प्रश्न आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर. "चिचेनं. घरून भिजू घालून न्याचो डब्यात. तांबं चिचेनंच घासतेत ना मॅडम. तार येते ते काळी-कुट, तेलकट. चिचेच्या पाण्यात चोळाची, मंग साध्या पाण्यानं धुवाची, मंग थोडं स्पिरिट, वाळवली का लगेच बरणीत घट्ट. न्हाई तं पुन्हा काळी पडते."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"कोण सांगन? मळकी तार सायबाच्या काचेत कशी टाकू?" मग ते संगीताकडे वळले. "काहून पोरी, तुमी तशीच टाकून राह्यले काय?"

संगीता हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मामांची बायको आतून धावत आली की काय झालं.

आता यात जादू काही नाही. मामांनी भरून ठेवलेली बरणी महिनाभर पुरली, ती संपल्यावर संगीता नवी तार कापून तशीच टाकत होती. काळ्या पडलेल्या तांब्यावर ऑक्साइडचा थर असतो. चिंचेतल्या आम्लानं तो निघतो आणि आतलं ताजं तांबं उघडं पडतं. तांबं वापरण्याआधी असं जागं करून घ्यावं लागतं हे जुन्या पाठ्यपुस्तकात आहे. मी स्वतः ते एमएस्सीला वाचलं होतं. सरांनीही वाचलं असणार. फक्त ज्यानं तार हातात घेतली, तिचा काळेपणा पाहिला, त्यालाच ती धुवावीशी वाटली. सर एरियलच्या लांबीवर उभे होते आणि मी रजिस्टराच्या. मामांनी तार उघड्यावर, मागच्या नळावर, सगळ्यांदेखत धुतली, वर्षानुवर्षं. आणि मी माझ्या खाडाखोड नसलेल्या हातानं लिहिलं, तशीच वापरली. मी सरांची एवढी टिंगल करते आहे, पण ते वाक्य माझं आहे, हे तुम्ही विसरू नका.

मामांनी निघताना चिंचेचा एक गोळा कागदात बांधून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी लावलेला प्रयोग संध्याकाळी काढला, आणि काचपट्टीवर ठिपका असा ठसठशीत उमटला की संगीता ती पट्टी घेऊन वर्गावर्गात फिरली.

सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी एरियल तळहातावर दाबून मिटवली. मग म्हणाले, "अर्थात. मी त्याला सुरुवातीलाच सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं, सर?"

"स्वच्छता ठेवायला."

आणि दोन दिवसांत त्यांच्या बोलण्यात ती त्यांची पद्धत झाली. 'वनस्पतिजन्य आम्लानं तांब्याचं जागरण', असं नावही त्यांनी दिलं. चिंच हा शब्द चुकूनही नाही. विद्यापीठाला पाठवलेलं पत्र मात्र तिथेच होतं. ते मागे घेण्याचं त्यांनी नावही काढलं नाही. मी आठवण केली तर म्हणाले, "प्रात्यक्षिक होऊ द्या. आपोआप निकालात निघेल."

परीक्षक आले. किरकोळ बांध्याचे, चष्म्याचे, फार बोलत नव्हते. दाराशी सर म्हणाले, पादत्राणे बाहेर. परीक्षकांनी आत उभ्या असलेल्या अनवाणी मुलांच्या पायांकडे पाहिलं, आम्लाच्या कपाटाकडे पाहिलं, आणि बूट घालूनच आत आले. मला ते तिथेच आवडले. मी मामांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. सरांनी त्यांना बाहेर व्हरांड्यात, चपलांच्या रांगेजवळ स्टुलावर बसवलं होतं.

सरांनी एरियल ओढली आणि भाषण सुरू केलं. भाडेकरू आणि घरमालक झालं. पॅलेडियमवर टीका झाली. मग, "तांब्याच्या जागरणाची ही पद्धत मी अनेक वर्षांच्या चिंतनातून विकसित केली."

परीक्षकांनी मान डोलावली. टेबलावर तारांचे तुकडे होते, आणि संगीतानं आणून ठेवलेला चिंचेचा गोळा होता. ते सरांना म्हणाले, "बहुत अच्छा. तो सर, आप ही करके दिखाइए ना."

मी बावीस वर्षं ज्या क्षणाची वाट पाहत होते तो असा बसल्याजागी आला.

सर म्हणाले, उमेदवार करील. परीक्षक म्हणाले, उमेदवारावर तर तुम्हीच शंका घेतली आहे, तुमचं पत्र माझ्याकडे आहे. पद्धत तुमची, हात तुमचा, मग कोणाला शंका राहणार नाही. अत्यंत नम्रपणे म्हणाले.

सरांनी एरियल मिटवली. ती कुठे ठेवावी हे त्यांना सुचेना, शेवटी खिशात घातली. मग त्यांनी चिंचेचा गोळा उचलला. कोरडा. चिंचोके आणि शिरांसकट. आणि तो तसाच, ढेकळासारखा, तारांवर घासायला लागले. केसासारख्या तारा त्या, कापलेल्या, टोकदार. दुसऱ्याच घासणीला त्यांनी "स्स्" केलं आणि हात मागे घेतला. बोटावर रक्ताचा ठिपका. चिंचेचा गोळा जमिनीवर, त्याला तारा काट्यांसारख्या चिकटलेल्या. कोणी हसलं नाही. मुलं फार चांगली होती.

आणि बाहेरून व्हरांड्यातून, न राहवून, मामांचा आवाज आला, "अहो सायेब, भिजू घाला लागते नं ते!"

परीक्षकांनी वळून पाहिलं. "ये कौन हैं?"

"परिचर," सर म्हणाले. "निवृत्त."

"धुलाई यही करते थे," संगीता म्हणाली. सरांच्या आधी, सरांना न विचारता, पहिल्यांदाच. "सगळी तार हेच धुवायचे. मी यांच्याच बरणीतली तार वापरली. सरांना माहीत नव्हतं. मलाही माहीत नव्हतं."

परीक्षकांनी मामांना आत बोलावलं. मामा दाराशी चपला काढायला वाकले, तर परीक्षक म्हणाले, "पहनकर आइए, पहनकर." मामा सरांकडे बघायला लागले. सर बोट धरून खिडकीबाहेर बघत होते. तेव्हा मामा चपला घालून आत आले, नोकरीत एकदाही न आलेल्या तऱ्हेनं, आणि चटचट आवाज होतोय म्हणून चोरपावलानं चालले. त्यांनी गरम पाणी मागितलं, चिंच भिजवली, कुस्करली, चिंचोके काढले. तारा त्या पाण्यात तळहातांमध्ये अशा चोळल्या की एकही टोचली नाही. पाच-सहा मिनिटांत काळी तार लालबुंद झाली. पुढचं सगळं संगीतानं केलं. संध्याकाळी परीक्षकांनी ठिपका स्वतः पाहिला, नमुन्यावर सही केली, आणि तो नागपूरला तपासायला पाठवला. पुढे तपासणीत तो बंध कार्बन-फॉस्फरसचाच निघाला.

दुसऱ्या दिवशी मौखिक परीक्षा झाली. परीक्षकांनी संगीताला तास दीड तास धुतलं आणि ती टिकली. शेवटी त्यांनी कागद मिटले आणि म्हणाले, माझी शिफारस तयार आहे. पण मार्गदर्शकाचं पत्र जोवर फाइलीत आहे तोवर विद्यापीठ पदवी देणार नाही. आणि ते बाहेर चहाला निघून गेले.

खोलीत सर, संगीता आणि मी. सरांच्या बोटाला पट्टी बांधलेली.

ते उठले आणि येरझारा घालायला लागले. "लिहा मॅडम. काही तांत्रिक कारणांमुळे निर्माण झालेला गैरसमज..."

मी हात मांडीवरच ठेवले. संगीतानं कोरा कागद सरांच्या टेबलावर ठेवला, त्यावर स्वतःचं पेन ठेवलं.

"सर, तुम्ही लिहा."

सर बसले. लिहिलं. तिनं कागद उचलून वाचला. "उमेदवाराचे काम समाधानकारक आढळले, असं लिहिलंय सर. मी खोटं केलं का नाही, हे यात नाही." कागद परत ठेवला.

त्यांनी दुसरा लिहिला. त्यात परिचराच्या निष्काळजीपणाचा उल्लेख होता. संगीतानं तो वाचला, दोन तुकडे केले आणि तिसरा कोरा कागद ठेवला. मला मध्ये पडावंसं वाटलं. पडले नाही. हे तिचं होतं.

"मुली, तुला काय माझ्याकडून माफीनामा लिहून घ्यायचा आहे?" सर म्हणाले.

"नाही."

"मग काय पाहिजे?"

"जे झालं ते."

बाहेर, रात्री माझ्याकडे मुक्कामाला राहिलेले मामा कोणाला तरी सांगत होते की चिंच जुनी असली तर जास्त चांगली. सरांनी कागदावर एक ओळ लिहिली. संगीतानं ती मोठ्यानं वाचली, 'उमेदवाराने दिलेले सर्व आकडे खरे आहेत. माझे आधीचे पत्र मी मागे घेतो.' सर पेन हातात धरून बसले होते, अजून काहीतरी लिहायचं की काय अशा विचारात. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला. मला वाटलं, आता लिहितील. कदाचित लिहिलंही असतं.

संगीतानं त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं.

"एवढं पुरे, सर. बाकीचं तुमच्याजवळच ठेवा."

आणि कागद घेऊन ती ऑफिसात गेली, आवक-जावकच्या टेबलाशी. कारकून म्हणाला, ठेवून जा, उद्या क्रमांक टाकतो. ती म्हणाली, "कायले उद्या? आत्ताच टाका." आणि त्यानं क्रमांक टाकून शिक्का मारेपर्यंत ती तिथून हलली नाही.